डूला ठरवताना आधी लेबर रूमची परवानगी, मग ॲडव्हान्स

महोदय,

डोहाळजेवणाचा हॉल, फोटोग्राफर आणि आता डूला (पैसे घेऊन प्रसूतीच्या वेळी बाईला सोबत करणारी), अशी तिन्ही बुकिंग मुंबईत हल्ली सातव्या महिन्यातच उरकली जातात. हॉलवाल्याला आणि फोटोग्राफरला लोक खोदून खोदून विचारतात. डूलाच्या बाबतीत मात्र इन्स्टाग्रामवरचे चार व्हिडीओ पाहून ॲडव्हान्स पाठवतात आणि ऐन कळांच्या वेळी कळते की लेबर रूममध्ये एकालाच प्रवेश आहे. मग नवरा आत आणि पैसे घेतलेली डूला बाहेर बाकड्यावर. किंवा डूला आत आणि बाहेर घरच्यांचा रुसवा. यात दोष बहुतेक वेळा ना डूलाचा असतो ना रुग्णालयाचा. आधी विचारायचे ते कोणी विचारलेलेच नसते.

डूला सुईण नव्हे आणि नर्सही नव्हे. कळा नीट सुरू झाल्यापासून बाळ अंगावर लागेपर्यंत बाईजवळून न हलणे हे तिचे मुख्य काम. कंबर दाबून देणे, कूस बदलायला लावणे, घोटघोट पाणी पाजणे, डॉक्टर घाईत दोन वाक्ये बोलून गेले की ती घरच्यांना कळतील अशी पुन्हा सांगणे. आतून तपासणे, बाळाचे ठोके बघणे, कळा वाढवायचे औषध द्यायचे की नाही हे ठरवणे, यातले काहीही तिने करायचे नाही. ‘माझ्या बायकांचे सिझर होतच नाही’ असे सांगणारी भेटली तर तिथूनच नमस्कार करावा. एपिड्युरल (कळांची वेदना कमी करणारे पाठीतले इंजेक्शन) घेणारीला नाक मुरडणारीही कामाची नाही. आपल्याकडे डूलांची सरकारी नोंदणी नसते. प्रमाणपत्रे खासगी संस्थांची असतात. म्हणून भिंतीवरच्या प्रमाणपत्रापेक्षा तिला तीन गोष्टी विचाराव्यात: पहिल्या कळेपासून शेवटपर्यंत किती बाळंतपणांत हजर राहिलात, त्यातली आमच्या रुग्णालयात किती, आणि अलीकडच्या दोन बायकांशी फोनवर बोलता येईल का.

अशा सोबतीचा उपयोग होतो, याबद्दल शंका नको. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये केलेल्या आढाव्यात २६ चाचण्या आणि १५ हजारांवर बायकांची माहिती होती. सलग सोबत मिळालेल्या बायकांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण जास्त, सिझेरियन आणि वेदनाशामकांची गरज कमी, असे त्यात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या शिफारशींत बाईच्या पसंतीची व्यक्ती प्रसूतीच्या वेळी सोबत असावी असे म्हटले आहे. देशात खासगी रुग्णालयांतल्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने होतात, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगते. त्यामुळे लोक डूलाकडे का वळतात हे उघड आहे. पण सलग म्हणजे सलग. ‘व्हॉट्सॲपवर चोवीस तास’ हे पॅकेज त्या चाचण्यांत बसत नाही, आणि आडवे बाळ किंवा चढलेले बीपी डूलाने उतरत नाही.

परवानगी रिसेप्शनवर विचारू नये. तिथे ‘हो, चालतं’ असे गोड उत्तर मिळते आणि रात्री दोनला ड्युटीवर असलेल्या आरएमओला (निवासी डॉक्टरला) त्याचा पत्ता नसतो. विचारायचे ते आपल्या डॉक्टरांना आणि लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरना, आणि तेही अठ्ठाविसाव्या ते तिसाव्या आठवड्यात. नकार आला तर बेत बदलायला वेळ राहतो. नवरा आणि डूला एकाच वेळी आत चालतील का? एकच चालत असेल तर आळीपाळीने आत-बाहेर करता येईल, की एकदा ज्याचे नाव लिहिले तोच? शेजारच्या टेबलावर दुसरी बाई असेल तर नियम वेगळा आहे का? सिझर ठरले तर थिएटरमध्ये कोण? तिथे डूलाला सहसा सोडत नाहीत. म्हणून त्या वेळेची वाटणी आधीच करावी: बाळाजवळ वडील, रिकव्हरीत बाईजवळ डूला. मिळालेली परवानगी फाइलच्या पहिल्याच पानावर डॉक्टरांच्या सहीने लिहून घ्यावी. नाव आणि ‘सोबत चालेल’ एवढी एक ओळ पुरते. ती नसेल तर रात्रपाळीची सिस्टर नियमावर बोट ठेवणार, आणि तिचे चुकत नाही. त्या खोलीत काही बिनसले तर पहिला जाब तिलाच द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट अंतराची. डोंबिवलीची डूला आणि अंधेरीचे रुग्णालय ही जोडी सकाळी अकराला जमते. पण कळांना वेळापत्रक नसते. मध्यरात्रीनंतर लोकल थांबते ती पहाटेच सुरू होते, रविवारी मेगाब्लॉक, अनंत चतुर्दशीला लालबाग-गिरगावचे रस्ते बंद, आणि भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की हिंदमाता आणि मिलन सबवेचे काय होते ते सांगायला नको. तारीख जून ते सप्टेंबरमधली असेल तर डूला आपल्याच लाइनवरची, जवळच्या दोन-चार स्टेशनांतली बघावी. बॅकअप डूला कोण हे नावानिशी ठरवावे आणि तिलाही एकदा भेटून घ्यावे. ‘माझी मैत्रीण येईल’ हे बॅकअप नव्हे. एका महिन्यात तीन-चारपेक्षा जास्त तारखा घेणारी तुमच्या वेळी दुसरीकडे अडकण्याची शक्यता मोठी.

करार दोन पानांचा असला तरी चालेल, पण त्यात काही गोष्टी स्पष्ट हव्यात. ती कोणत्या आठवड्यापासून रात्रीबेरात्री फोन उचलणार (अडतीस ते बेचाळीस ही रास्त मुदत), घरी किती भेटी, रुग्णालयात किती तास, त्यानंतर बॅकअप येणार का. सदतीस आठवड्यांच्या आत प्रसूती झाली, आधीच सिझरची तारीख ठरली किंवा ती पोहोचण्यापूर्वी बाळ झाले तर किती पैसे परत. अर्धी रक्कम बुकिंगला, उरलेली अडतिसाव्या आठवड्यात, हा व्यवहार दोघांनाही बरा. सगळी रक्कम आधी मागणाऱ्याला नाही म्हणावे.

पहिलटकरणीने कळा दर पाच मिनिटांनी, प्रत्येक मिनिटभर टिकणाऱ्या, अशा तासभर आल्या की निघावे, असा ढोबळ नियम सांगतात. मुंबईत त्यात रस्त्याचा वेळ धरून आधीच निघावे. आणि काही वेळा हा नियम गुंडाळूनच ठेवायचा: पाणी हिरवट किंवा तपकिरी गेले, रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल मंदावली, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा सदतीस आठवडे झालेले नसताना कळा सुरू झाल्या, तर कळा मोजत बसायचे नाही. चांगली डूला अशा वेळी ‘घरीच थांबू या’ म्हणत नाही.

तिच्या हातांचे काम डोळ्यांनी बघून घ्यावे, कारण ते नवऱ्यालाही शिकता येते. कळ आली की माकडहाडाच्या वर, कमरेच्या तळाशी जो सपाट त्रिकोणी भाग असतो, तिथे तळहाताच्या टाचेने सरळ, स्थिर दाब द्यायचा. कळ ओसरली की हात सैल. चोळायचे नाही. तासभर चोळले की कातडी हुळहुळते आणि मग बाई कोणाचाच हात लावून घेत नाही. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की सगळी कळ कमरेत उतरते, तेव्हा या दाबाने फार हलके वाटते. दाब किती, हे बाईच सांगणार. दर दोन तासांनी तिला लघवीला उठवणे, हे दिसायला क्षुल्लक काम डूलाने विसरता कामा नये. भरलेली लघवीची पिशवी बाळाचे डोके खाली येताना आडवी येते. कळांच्या वेळी बसायचा मोठा हवेचा बॉल घेताना बाईची उंची बघावी: साधारण सव्वापाच फुटांपर्यंत ५५ सेंटिमीटरचा, त्याहून उंच असेल तर ६५ चा, आणि बसल्यावर कुल्ले गुडघ्यांपेक्षा किंचित वर. ठोक्यांचा पट्टा पोटावर बांधलेला असला तरी पलंगाच्या कडेला बसता किंवा उभे राहता येते का, हे सिस्टरना विचारावे. बहुतेकदा वायर पुरते. कोणी विचारत नाही एवढेच.

खरी पडझड मात्र घरी आल्यावर होते, आणि पैसे तोवर संपलेले असतात. बजेट तुटपुंजे असेल तर प्रसूतीच्या वेळच्या सोबतीत कात्री लावून ते पहिल्या पंधरा दिवसांकडे वळवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रसूतीच्या वेळी निदान सिस्टर असतात. पाचव्या दिवशी पहाटे तीनला वन-रूम-किचनमध्ये कोणी नसते.

इथे मालीशवाली बाई आणि बाळंतपणानंतरची डूला यांच्या कामाची वाटणी करून टाकावी. बाई मालीश करते, न्हाऊ-माखू घालते. डूला दूध पाजायला शिकवते, आईच्या झोपेचे गणित बसवते, काही बिनसते आहे का ते बघते. अनुभवी बायांचा हात हलका असतो हे खरे, पण काही सवयी पहिल्याच दिवशी बंद कराव्या लागतात. बाळाची छाती पिळून ‘दूध काढणे’. त्याने गळू होते. नाकात-कानात तेल सोडणे. ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. नाक ओढून सरळ करणे, टाळू दाबून तेल जिरवणे, पाय धरून उलटे लटकवणे. कोळशाची शेगडी आणि धुरी बंद खोलीत तर अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहिली अंघोळ जन्मानंतर चोवीस तासांनी. नाळ कोरडी ठेवायची, तिला हळद नाही, तेल नाही. गुटी, गूळपाणी नाही, आणि मध तर वर्षभर नाही. सिझर झालेल्या आईच्या पोटाला डॉक्टर सांगेपर्यंत मालीश नाही, आणि ‘पाणी कमी पी, पोट सुटेल’ हा सल्ला तर ऐकूच नये. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खुशाल खावी; त्यासोबत भाजी, डाळ आणि भरपूर पाणी हवे, एवढेच.

दुधाचा हिशेब सोपा आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त ओली दुपटी. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी आईला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, असे लागले तर दुखत नाही. स्तनाग्रे चिरत असतील तर मलम नंतर, आधी पकड सुधारावी. पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरतेच, ते दोन आठवड्यांत भरून निघते. दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरले तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये आपल्याच शहरात, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली, आणि याच शहरात तिसऱ्या दिवशी ‘दूधच नाही’ म्हणून पावडरचा डबा फोडला जातो. दूध बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरते, सिझरनंतर थोडे उशिरा. तोवर चीक पुरतो.

आईकडेही बघायचे असते. तासाभरात पॅड पूर्ण भिजले, १००.४ च्या वर ताप गेला, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर मालीशने बरे होण्याची वाट न बघता रुग्णालय गाठावे. रडू येणे पहिल्या दोन आठवड्यांत साधारण आहे. त्यानंतरही टिकले, झोप येत असून लागत नसली, बाळाकडे बघवत नसले, तर ते ‘बाळंतपणाचे नखरे’ नव्हेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

हे सगळे खासगी रुग्णालयांबद्दल झाले. केईएम, शीव, नायर किंवा पालिकेच्या प्रसूतिगृहांत जाणाऱ्या बाईला डूला परवडत नाही, तिची गरजही कोणी विचारत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली: महिला नातेवाईक, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, संसर्गजन्य आजार नसलेली, स्वच्छ कपड्यांतली, पूर्ण वेळ थांबायला तयार आणि उपचारांत ढवळाढवळ न करणारी. जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवऱ्यालाही येऊ देता येते. म्हणजे लागतात ते दोन टेबलांमधले पडदे आणि एक खुर्ची. पालिकेने आपल्या प्रत्येक प्रसूतिगृहाच्या दारावर या अटी मराठीत आणि हिंदीत लावाव्यात, आणि नाव नोंदवायला येणाऱ्या बाईला तिथल्या तिथेच ‘सोबत कोण येणार’ हे विचारून कार्डावर लिहावे.

— एक निवृत्त परिचारिका (प्रसूती विभाग), लालबाग