ओट्यावर टाइल्स लावायच्या आधी

आई, बाबा,

काल फोनवर बाबा सांगून राहिले होते ना, की कडप्प्याचा ओटा तसाच ठेवून वरून टाइल्स बसवू, बाथरूमचे ४ बॉक्स उरलेच आहेत. मी तेव्हा हो हो म्हटलं पण रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून लिहून राहिली.

बाबा, त्या टाइल्स ओट्याला नका लावू प्लीज. त्या भिंतीच्या आहेत, वरून चकचकीत पण आतली माती पाणी पिते, वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त, व्हिट्रिफाइड टाइल, म्हणजे खूप तापवून काचेसारखी घट्ट केलेली, अर्धा टक्काही पीत नाही. आणि आईच्या हातून वरवंटा एकदा कडेवर आपटला की टवका उडालाच.

इथे पुण्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये टाइल्सचाच ओटा आहे माझा, १२ इंची, ३ वर्षं वापरून राहिली. टाइलला काही झालं नाही, गरम कढई ठेवा, लिंबू सांडा, आपल्या कडप्प्यावर लिंबाचे पांढरट डाग पडलेत तसं काहीच नाही. पण त्या फटी! व्हाइट सिमेंट भरलेलं आहे, हळद सांडली की पिवळ्या, तेल गेलं की काळ्या, कणीक अडकते ती वेगळीच, दर रविवारी मी जुना टूथब्रश घेऊन बसते आणि प्रत्येक वेळी मला आईचं मनगट आठवतं. आई, तू पाटोडी करशील, तर्री ओट्यावर सांडेलच, आणि तू ती फट घासल्याशिवाय झोपणार नाहीस हे मला माहीत आहे.

खरं विचाराल तर मला ग्रॅनाइटच पाहिजे होतं, सलग, फटीचं टेन्शनच नाही. पण बाबा टाइल्सच म्हणत असतील तर २ बाय ४ फुटी व्हिट्रिफाइड घ्या, आपला ओटा जेमतेम ८ फुटी, म्हणजे २ टाइल्स आणि मधे एकच जॉइंट, तोही शेगडीजवळ येणार नाही असा. त्यात इपॉक्सी भरायचं, म्हणजे सिमेंटऐवजी फटीत भरायचा रेझिनचा मसाला, महाग पडतं पण तेल-हळद पीत नाही. मिस्त्री म्हणेल व्हाइट सिमेंटनं भागते ताई, ऐकू नका. गर्मीत इपॉक्सी पटकन घट्ट होतं, म्हणून सकाळीच भरायला लावा आणि टाइलवरचं लगेच पुसून घ्यायला सांगा. टाइलखाली अॅडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा मसाला, पूर्ण पसरलं पाहिजे, नुसते ठिपके दिले तर पोकळ राहते आणि खलबत्त्याच्या दणक्यानं तडकते, नाण्यानं वाजवून बघा, पोकळ आवाज आला की काढायला लावा.

अजून एक, टाइलनं ओटा अर्धा-पाऊण इंच वर येईल, सिंकची कड खाली राहील आणि आईला पोळ्या लाटताना खांदा उचलावा लागेल. म्हणून कडप्पा काढूनच करू, धूळ झाली तर झाली.

दिवाळीच्या आधी काम काढू नका. मी २ दिवस सुट्टी टाकून येते, आईला ओट्यापाशी उभं करून उंची मोजू, मगच मिस्त्रीला बोलवू.

तुमची
लेक