तर्जनीला रजा देऊन हंगाम वाचवणाऱ्या हँड थेरपिस्ट ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

धनुष्यबाणाने हरणांची शिकार करायचा हंगाम, म्हणजे धनुष्य-हंगाम, तोंडावर आणि आमच्यातल्या एकाच्या दोरी ओढायच्या हाताची तर्जनी मधल्या सांध्यात सुजलेली. अशा वेळी सल्ले दोनच मिळतात: ‘सहन कर’ किंवा ‘या वर्षी विसर’. तुम्ही धनुष्यच क्लिनिकमध्ये मागवलंत. दोरी कुठल्या बोटाच्या कुठल्या पेरावर बसते, किती जोर येतो, हे पाहिलंत आणि बोट, धनुष्य, बाण आणि पेनसिल्व्हेनियाचा कायदा यांचा हिशोब एकत्र मांडलात. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण सप्टेंबरात इथं लेदर बॉलचं क्रिकेट चालू असतं आणि लगेच मागून हंगाम येतो. कॅच घेताना उलटं वळलेलं बोट आणि लाँगबो (लांब, साधं लाकडी धाटणीचं धनुष्य) ही जोडी आपल्या मंडळींत पुन्हा दिसणारच. तेव्हा तुम्ही सांगितलेलं सगळं हाताशी असावं. (भारतात वन्यजीव कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उरत नाही. पण टार्गेटवर रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) चालवणाऱ्यांना यातलं बरंच लागू पडेल.)

सगळ्यात आधी तुम्ही धनुष्याचा विषयच बंद ठेवलात. हातातली अंगठी काढायला लावली, कारण सूज चढल्यावर ती कापावी लागते. बाजूने घेतलेला एक्स-रे मागितलात, कारण चेंडूने बोट उलटं वळलं की तळव्याकडचा जाड पडदा कधी कधी हाडाचा कपचा घेऊन सुटतो आणि समोरून घेतलेल्या फोटोत तो लपतो. मग टोकाचं पेर आपलं आपण वाकतं का, सरळ होतं का, ते पाहिलंत. टोक लोंबत असतं, तर ती दुखापतच वेगळी असती: सहा ते आठ आठवडे अखंड स्प्लिंट, एकदा जरी टोक खाली पडलं तरी मोजणी पहिल्यापासून, आणि धनुष्य सरळ पुढच्या वर्षी. सांधा बाजूला डळमळत नाही याची खात्री झाल्यावरच दोरीबद्दल बोललात. हा क्रम लोक उलटा लावतात, आधी टॅब (दोरी ओढणाऱ्या बोटांवरचं चामडी आवरण) बदलतात आणि डॉक्टरकडे हंगाम संपल्यावर जातात.

मग तुम्ही हाताची जी रचना समजावून सांगितलीत, तिच्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी वाकवणाऱ्या खोल स्नायूचा भाग बराचसा एकत्र आहे. एकाने ओढलं की शेजारच्यालाही ओढ लागते. तर्जनीचा भाग मात्र बऱ्यापैकी स्वतंत्र आहे. म्हणून मधलं बोट आणि अनामिका दोरी ओढत असताना तर्जनी खरोखर सैल राहू शकते. दुखापत अनामिकेला असती तर हा मार्ग इतका सोपा नव्हता, हेही तुम्ही सांगितलंत.

स्प्लिंट तुम्ही बोटाच्या पाठीवर बसवलीत, तळव्याकडून नाही. गरम पाण्यात मऊ केलेली थर्मोप्लास्टिकची पट्टी, सांधा वीस-तीस अंश वाकलेला. त्यामुळे बोट पूर्ण सरळ होऊन पुन्हा उलटं वळत नाही आणि दोरीच्या बाजूला काही कडकही येत नाही. एरवी दिवसभर तर्जनी मधल्या बोटाला पट्टीने बांधलेली. पण धनुष्य उचलायच्या आधी ती पट्टी सोडायची, नाहीतर मधलं बोट दोरीवर वळताना तर्जनीलाही सोबत ओढून नेतं.

अंगठ्याने दोरी ओढायचा पर्याय निघाला, तेव्हा तुम्ही एकलव्याच्या मूळ कथेतली पुढची ओळ सांगितलीत: अंगठा गेल्यावर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण आधीची चपळाई राहिली नाही. पकड बदलली की वेग जातो, आणि तो परत यायला आठवडे नाही, महिने लागतात. शिवाय अंगठ्याच्या पकडीत उजव्या हाताच्या माणसाला बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला ठेवावा लागतो, आणि आपल्या रिकर्व्हची शेल्फ (बाण टेकवायची जागा) डावीकडे कापलेली असते.

म्हणून राहिली दोन बोटं, दोन्ही बाणाच्या खाली. आता पाउंडांचा, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचा हिशोब. आधीच्या धनुष्याचे 45 पाउंड तीन बोटांत सारखे वाटले तर बोटामागे 15. प्रत्यक्षात मधलं बोट सगळ्यात जास्त उचलतं, तरी अंदाजाला हे पुरे. तेवढाच भार दोन बोटांवर ठेवायचा तर धनुष्य 30 पाउंडांचं हवं, आणि पेनसिल्व्हेनियात हरणासाठी किमान 35 लागतात. वर आणखी एक मेख: दुखणाऱ्या हाताचा माणूस नकळत इंचभर कमी ओढतो, आणि एका इंचामागे दोन-तीन पाउंड जातात. लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजेवर) 28 इंचांना 35 लिहिलं असेल तर 27 इंचांवर हातात 32-33 च येणार. तुम्ही 38 चे लिंब सुचवलेत. दोन बोटांवर 19-19 येतात. हा वाढीव भार मुख्यतः अनामिकेवर पडतो, म्हणून आधी रबरी पट्टा, मग 20 पाउंडांचं सरावाचं धनुष्य पाच यार्डांवरून, आणि मगच हे. मीडियमऐवजी लाँग लिंब घ्यायला सांगितलेत तेही याचसाठी. दोन इंच लांबी वाढली की पूर्ण ताणात दोरीचा कोन उघडतो आणि बोटं कमी चिमटली जातात.

टॅबच्या वरच्या बोटाची पाकळी तुम्ही कात्रीने उडवलीत. ती राहिली तर बाणाच्या नॉकला (दोरीत अडकणाऱ्या शेपटीच्या खाचेला) घासते. कॉर्डोव्हन चामड्यामागे फेल्टचा एक जास्तीचा थर आणि चिमूटभर टाल्कम. चामडं दमट झालं की दोरी सुटताना अडते आणि बोटाला झटका बसतो.

बाण बसवण्यातला बदल आम्ही तरी नक्की विसरलो असतो. वरचं बोट नसलं की बाण दोरीवरून खाली घसरतो, म्हणून नॉकखालीही दुसरा नॉकिंग पॉइंट (बाण जागेवर ठेवणारी दोरीवरची गाठ) बांधायचा. मध्ये एक-दीड मिलिमीटर मोकळं ठेवायचं, नाहीतर पूर्ण ताणात नॉक आवळला जातो. सगळी ओढ आता बाणाच्या खालून, त्यामुळे शेपूट शेल्फवर आपटतं. वरचा पॉइंट आधी अष्टमांश इंच चढवायचा आणि बिनपिसांच्या बाणाने तपासत जायचं. ज्यांचा अँकर (ताणलेला हात चेहऱ्यावर टेकवायची ठरलेली जागा) मधलं बोट ओठांच्या कोपऱ्याला लावून आहे त्यांचं निशाण फारसं हलत नाही. जे तर्जनी लावतात त्यांनी आता मधलं बोट लावलं की बाण बोटभर डोळ्याजवळ येतो आणि जुन्या सवयीने धरलं तर खाली लागतो.

45 वरून 38 वर आलं की 500 स्पाइनचा कार्बन बाण ताठ ठरतो (स्पाइनचा आकडा जितका मोठा, तितका बाण लवचीक). उजव्या हाताच्या धनुर्धराचा बिनपिसांचा बाण डावीकडे जाऊ लागला की समजायचं. नवे 600 चे बाण घ्या, नाहीतर टोकाचं वजन 100 वरून 150-175 ग्रेन (बाणाच्या वजनाचं माप) करा. तुमचा कल दुसऱ्याकडे होता आणि तो बरोबरच आहे, कारण वजनदार बाण कमी पाउंडांतही खोल जातो. एकूण बाण 400 ग्रेनच्या वर ठेवायचा. ब्रॉडहेड (बाणाचं शिकारी टोक) दोन पात्यांचं, लागताक्षणी कापणारं. लागल्यावर उघडणारी पाती बाजूलाच ठेवा, त्यांना उघडायलाच जोर खर्च होतो.

सरावाला तुम्ही दिवसाला दहा बाणांची मर्यादा घातलीत. दुसऱ्या सकाळी सांधा जास्त आखडला तर निम्मे. सूज मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते, ती पाहून घाबरायचं नाही. दुखणं आणि वाकणं यांवर लक्ष ठेवायचं. थंडीत बधिरलेलं बोट खोटा धीर देतं, काही जाणवत नाही म्हणून सगळं ठीक वाटतं. म्हणून हात कमरेच्या उबदार खिशात, आणि ट्री स्टँडवर (झाडावरच्या मचाणावर) चढताना दोन्ही हात मोकळे, हार्नेस (झाडाला बांधायचा सुरक्षा-पट्टा) जमिनीपासूनच लावलेला, धनुष्य दोरीने मागून वर. झाडावरून पडायला अशा वेळी दुखऱ्या बोटाची अर्धी पकडही पुरते.

या सगळ्यात तुमच्याबद्दलचा आदर सगळ्यात जास्त कशाने वाढला असेल, तर परीक्षेच्या अटीने. रोज सकाळचा पहिला बाण, अंग न तापवता, जंगलातल्याच जाकिटात, 15 यार्डांवरून आठ इंची कागदी थाळीत. नंतरचे नऊ कितीही जवळ लागोत, ते धरायचे नाहीत, कारण हरणासमोर दुसरा बाण मिळत नाही. पहिला बाहेर गेला तर अंतर 12 यार्ड. तिथेही गेला तर पारंपरिक धनुष्य त्या हंगामापुरतं भिंतीवर. आणि लगेच, कसलाही कमीपणा न आणता, तुम्ही सांगितलंत की धनुष्य-हंगामात इथं क्रॉसबोलाही (बंदुकीसारख्या घोड्याने सुटणाऱ्या आडव्या धनुष्यालाही) परवानगी आहे आणि तो क्रँकने ताणता येतो, बोटांवर काही येत नाही. पारंपरिक धनुष्याच्या माणसाला हे ऐकायला जड जातं. पण जखमी होऊन झाडीत निघून गेलेल्या हरणापुढे आपल्या आवडीचं काय घेऊन बसायचं, हे तुम्ही दरडावून नाही, त्या थाळीवरून दाखवलंत.

तुम्ही कागदावर आखून दिलेला दोन बोटांच्या टॅबचा नमुना आम्ही छोट्या, मध्यम आणि मोठ्या हाताच्या मापात उतरवून घेतला आहे. डावखुऱ्यांसाठी तो नुसता उलटवून चालेल की अंगठ्याकडची कड वेगळी कापावी लागेल, एवढं सवडीने कळवा.

आपले नम्र,
पेनसिल्व्हेनियातले मराठी धनुर्धर