फवारा चालू करा, पाहुणे आलेत!

मा. संपादक, नमस्कार.

हल्ली सिनेमा घ्या, सिरीयल घ्या नाहीतर जाहिरात, म्हाताऱ्या माणसाच्या हातात मोबाईल दिला की झाला विनोद. आजोबा व्हिडिओ कॉल आला तरी फोन कानालाच लावणार, आजी लिफ्टच्या बटणाला घाबरणार आणि मागून हसण्याचा आवाज. पहिल्यांदा आम्हीपण हसलो, नाही असं नाही, पण आता कंटाळा आला बुवा. म्हणून हे पत्र. छापलंत तर बरंच, नाही छापलंत तरी पोटातलं बाहेर पडलं.

परवा रात्री झोप येईना म्हणून १९५८ सालचा एक फ्रेंच पिक्चर परत लावला, झाक तातीचा 'मों ऑन्क्ल'. इंग्रजीत त्याचं 'माय अंकल' करतात, त्यात काका की मामा काही पत्ता लागत नाही, पण तो पक्का मामा आहे, कारण ज्या चकाचक बंगल्यात सगळा गोंधळ चालतो तो त्याच्या बहिणीचा. ह्युलो त्याचं नाव. अंगात रेनकोट, तोंडात पाइप, पँट घोट्याच्या वर आणि बोलणं जवळपास नाहीच. भाच्याचा लाडका आणि मेव्हण्याच्या डोळ्यात खुपणारा. दिग्दर्शक ताती आणि ह्युलोपण तोच, पिक्चरला परभाषेतल्या सिनेमाचं ऑस्कर मिळालंय, ते असो.

किचनमधला सीन मी किती वेळा बघितला असेल देव जाणे. मामाच्या हातून पाण्याचा जग निसटतो आणि फुटायचा सोडून टुणकन उसळतो. मामाला गंमत वाटते, परत टाकून बघतो, परत टुणकन. मग त्याला वाटतं इथलं सगळंच असं असणार, म्हणून तो एक ग्लास घेतो, सोडतो आणि खळ्ळकन तुकडे. आता यात तो बावळट कुठे झाला सांगा? त्या उसळणाऱ्या जगाने जे शिकवलं ते त्याने ग्लासला लावून बघितलं. माझंपण तेच झालं. एका ऑफिसात नळाखाली हात धरला की पाणी येतं हे एकदाचं जमलं, मी खूश, तर पुढच्या ठिकाणी तसाच हात धरून उभा, मागे ही लाइन, शेवटी एक मुलगा म्हणाला काका, हा वरून दाबायचा असतो. मी शिकलो नव्हतो असं नाही हो, शिकलो होतो तो नळ वेगळा होता.

आणि ती ऑटोमॅटिक यंत्रं तरी कुठली शहाणी. सेन्सरच्या नळाला तुमचा हात आहे की पिशवी हे थोडंच कळतं, किरण कशावर तरी आपटून परत आला की सोड पाणी, संपला विषय. त्या बंगल्यात गॅरेजच्या दारालापण असाच विजेचा डोळा बसवलाय, बायकोने हौसेने नवऱ्यासाठी आणलेला. घरातला कुत्रा त्याच्या समोरून जातो आणि दार खाली, नवराबायको दोघं आत बंद. आतून मोलकरणीला ओरडून सांगतायत, अगं डोळ्यासमोर ये, आणि ती बिचारी शॉक बसेल म्हणून जवळ यायला तयार नाही. म्हणजे बघा, अडकले कोण तर ज्यांनी हौसेने ते बसवून घेतलं ते. अंगणातला माशाचा फवारातर त्याहून भारी, बेल वाजली की बाईसाहेब आधी फवारा चालू करणार, आणि आलेला माणूस फक्त भाऊच निघाला तर लगेच बंद. पाणी कशाला वाया घालवा!

सांगायचं एवढंच की तिथे हसू येतं ते फवाऱ्याचं आणि तो लावणाऱ्यांचं, मामाचं नाही. आपल्या सिनेमाच्या पानावर लिहिणाऱ्यांनी पुढच्या वेळी 'धमाल आजोबा' म्हणून स्टार देण्याआधी एवढं बघावं की हसतोय ते नक्की कोणाला.

आणि मामाला उपकरणं जमतच नाहीत असंही नाही हं. स्वतःच्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर तो खिडकीचं तावदान थोडंसं सरकवतो, काचेवरचं ऊन बरोबर समोरच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर पडतं आणि पक्षी गायला लागतो. तावदान हललं की गप्प. मग ते परत बरोबर जागेवर आणतो, गाणं सुरू झालं की खात्री करतो आणि मगच जिना उतरतो.

आपला,
एक जुना वाचक