आंबेनळी, सगळ्यांच्या मागून

प्रिय बंड्या,

फोनवर तुझ्या मागे कुकरच्या शिट्ट्या आणि माझ्या मागे ट्रॅफिक, त्यात काय डोंबल सांगणार! आज सुट्टी आहे, पाय अजून जिना उतरायला तयार नाहीत, तेव्हा बसून सविस्तर लिहितो.

आमच्या सायकल-सहलीतल्या पहिल्या दिवसाच्या वरंधा घाटाचं सांगत बसत नाही, तो तुझा पाठच आहे. भोर सोडलं, नीरा-देवघर धरणाचं पाणी संपलं, वाघजाईपाशी कांदाभजी हाणली आणि उतरलो महाडला. खरी गंमत दुसऱ्या दिवशीची. महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, मग पाचगणी आणि पसरणी घाटाने वाई. नव्वदेक किलोमीटर.

सकाळी अंधारातच म्होरक्याने कामं वाटली आणि मला 'स्वीप' केलं. म्हणजे सगळ्यांत मागे राहायचं, शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही, आणि पंप, ट्यूब, चेन टूल, औषधाचा डबा सगळं आपल्या पाठीवर. मला! चढ दिसला की मला कशी खाज सुटते ते तुझ्याइतकं कोणाला माहीत? पण नाही म्हणायची सोय नव्हती, बाकीच्यांची पाळी होऊन गेली होती.

शेवटचा माणूस म्हणजे एक काका. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, मूळचे चिपळूणकडचे. सायकल मुलाची, हेल्मेट नातवाचं, आणि बोलणं अखंड. फक्त सावित्रीचा पूल आला तेव्हा ते गप्प झाले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात जुना ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसट्या घेऊन गेला. नव्या पुलाच्या कठड्याला सायकल लावून काकांनी हात जोडले, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "चला, उन्हाच्या आत कापडं गाव गाठू." त्यावर मीही काही विचारलं नाही.

पोलादपूरला चहा घेऊन हायवे सोडला आणि डावीकडे वळलो. पुढची मंडळी कापडं यायच्या आत दिसेनाशी झाली. आंबेनळी कागदावर फार अवघड नाही रे. चाळीसेक किलोमीटरमध्ये बाराशे-तेराशे मीटर, म्हणजे शंभर मीटरला सरासरी सव्वातीन मीटर चढ. पसरणी वाईकडून चढलास तर याहून खडा आहे. पण पसरणी तासा-दीड तासात संपतो, हा संपता संपत नाही. एक सोंड चढून वळावं तर समोर पुन्हा तसलीच सोंड, आणि तिच्यावरून जाणारा आपलाच रस्ता वर दिसतो. 2021 च्या जुलैत इथे दरडी कोसळून रस्ता जागोजाग तुटला होता. एरवी मी या घाटातून जाताना समोरचं चाक आणि घड्याळ सोडून काही बघितलेलं नाही. या वेळी ताशी सहाच्या वेगाने सगळं दिसलं: दरडीचे लाल ओरखडे, त्यांवर उगवलेलं गवत, संरक्षक भिंतीतून पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या पाइपांत घर केलेली पाखरं.

काका दमत का होते ते मला बराच वेळ कळेना. माणूस काटक, दम चांगला, तरी पाय जड पडत होते. शेवटी शेजारी जाऊन त्यांच्या हातांकडे पाहिलं. उजवा हात मुठीत घट्ट, हललेलाच नाही. डाव्या अंगठ्याने मात्र पुढच्या चकत्या खाली-वर चाललेल्या, आणि मागची चेन मधल्या चकतीवर जणू गंजून बसलेली. एकवीस गिअरांतले तीनच वापरून गृहस्थ घाट चढत होता.

"काका, उजवीकडचा गिअर?"

"तो कशाला? गिअर डाव्या हाताला असतो."

पस्तीसेक वर्षं डाव्या हाताने दांडा ओढलेल्या माणसाला काय उत्तर देणार! मी त्यांना थांबवलं आणि चढावरच मागचं चाक उचलून धरलं. त्यांनी पेडल हाताने फिरवलं, उजवा अंगठा दाबला, चेन टकटक करत मोठ्या चकतीवर चढली. काकांनी दोन-तीनदा वर-खाली करून पाहिलं. "हे मुलाने सांगितलं नाही," एवढंच बोलले आणि सीटवर बसले. सीट मात्र शेवटपर्यंत खालीच. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत हा त्यांचा हट्ट. त्यामुळे गुडघे छातीशी येत होते.

त्यानंतर त्यांना बोलायला भरपूर दम उरला. कुठल्या वळणावर बस एका दमात वळत नाही, कुठे रिव्हर्स घ्यावा लागतो, कुठे धुक्यात कंडक्टरला बॅटरी घेऊन पुढे चालवलं होतं, सगळं ऐकलं. वरून येणारी गाडी अंगावर आली की काका हात पुढे करून तिला चक्क थांबवायचे. "चढणाऱ्याला आधी वाट! लायसन देताना हेच शिकवतात!" दोन-तीन गाड्या खरंच थांबल्या. एकाने काच खाली करून काहीतरी सुनावलं, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

कुंभरोशीला पोचलो तेव्हा बाकीचे पिठलं-भाकरी संपवून ताणून दिलेले. समोर प्रतापगड. जागा मोठी मजेची आहे बघ. अलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला जातो. पलीकडचा कोयनेतून कृष्णेत आणि तिथून पार बंगालच्या उपसागरात. सावित्री, कोयना दोघींचा उगम वर महाबळेश्वरलाच, पण तोंडं विरुद्ध दिशेला. आणि 1659 मध्ये अफझलखानाचं सैन्य ज्या वाटेने पार गावाला उतरलं तिचं नाव रडतोंडीचा घाट. आमच्यातल्या निम्म्या जणांचे चेहरे तेव्हा त्याच घाटाचे होते.

तिथून वर गर्द झाडी, सावली आणि गारवा. हा टप्पा मला आख्ख्या रस्त्यात सगळ्यांत आवडतो, पण त्याबद्दल लिहिलं की पर्यटन खात्याचं पत्रक होईल, म्हणून सोडतो. महाबळेश्वरच्या बाजारात घुसलो आणि सगळी शांतता संपली. वेण्णा तलावापाशी गाड्यांची ही रांग! तिथे आम्हीच सगळ्यांत वेगवान. रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी घेतली. डिसेंबरची, अजून आंबटच.

पाचगणीच्या पुढे पसरणीचा उतार सुरू होण्याआधी काकांनी सगळ्यांना गोळा करून दम भरला. "ब्रेक धरून ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं." सायकलला इंजिनाचा ब्रेक नसतो हे त्यांना सांगायची माझी छाती झाली नाही. पण पहिली दोन वाक्यं सोन्यासारखी होती. पोरं कसली ऐकतात! खाली धोम धरणाचं पाणी चकाकत होतं आणि एक पठ्ठ्या दोन्ही ब्रेक आवळून उतरत होता. अर्ध्या घाटात फट्! आम्ही पोचलो तेव्हा तो कठड्यावर बसून फाटकी ट्यूब बघत होता. रिमला बोट लावलं तर चटका बसला. ती निवेपर्यंत नवी ट्यूब घालण्यात अर्थ नव्हता, तेव्हा चिक्की खात बसलो. काका बोलले काहीच नाहीत. फक्त रिमवर बाटलीतलं पाणी ओतायला निघालेल्या त्या पोराचा हात धरला. "प्यायचं आहे ते."

वाईत पोचलो ते दिवेलागणीला, अर्थात सगळ्यांत शेवटी.

पुढच्या महिन्यात चिपळूणहून कुंभार्ली चढून कराडला जायचं ठरतंय. काकांची जुनी ड्युटी त्याच रस्त्यावरची, त्यामुळे आता ते सगळ्यांना वळणं पाठ करून घेणार. म्होरक्याने या वेळी पुढे जायची मुभा दिली होती, पण मी परत स्वीपच मागून घेतलंय. तू येणार असशील तर आत्ताच कळव. नागपूरच्या सपाटीवर चालवून तुझा चढाचा दम गेलेला असणार हे धरूनच चाललोय, म्हणजे माझ्याच बरोबर असशील. वहिनींना नमस्कार, चिंटूला पापा.

तुझा,
पक्या

ता. क. : येताना माझा जाडा पंप आण. दिवाळीत नेलास तो.