रविवारची निवड चाचणी: आई-बाबांना पत्र

पुणे

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात तुम्हा दोघांना सप्रेम सलाम.

बाबा, उपासना सोडून रूबेनने जिल्हा निवड चाचणीत धावावे का, असे तुम्ही फोनवर विचारलेत, त्याचे उत्तर घाईघाईत न देता पत्रातूनच द्यावे असे मला वाटले, कारण हा प्रश्न एका चाचणीपुरता नाही. चाचणी रविवारी सकाळी आहे, उपासनाही त्याच वेळी आहे, आणि चारशे मीटर धावणारे पोर वर्षभर ज्या दिवसाची वाट पाहते तो दिवस नेमका तोच आहे. मैदानापायी नातू चर्चच्या मंडळीपासून दुरावेल की काय, ही तुमची काळजी रास्त आहे. परंतु ज्या मैदानाची तुम्हाला धास्ती वाटते, त्याच मैदानाने विश्वासाचा एक मोठा धडा मला शिकवला आहे, आणि तो तुमच्यापुढे सविस्तर मांडावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

प्रेषित पौलाने ग्रीसमधील करिंथ शहराच्या मंडळीला पत्रातून शर्यतीचे उदाहरण दिले ते उगाच नव्हे. करिंथपासून जवळच इस्थमिया येथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत असत, आणि इसवी सन ५० च्या सुमारास पौल त्या शहरात दीड वर्ष राहून अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या करण्याचा धंदा करत होता. म्हणजे धावणारे, कुस्ती खेळणारे आणि त्यांना पाहायला लोटणारी गर्दी ही त्याच्या वाचकांच्या रोजच्या बोलण्यातली गोष्ट होती. त्या खेळांत विजेत्याला पाईनच्या किंवा सेलरीच्या पाल्याचा मुगुट मिळे, जो चार दिवसांत सुकून जाई. ऑलिंपियाच्या खेळांत तर, आपण सलग दहा महिने नियमाने सराव केला आहे, अशी शपथ खेळाडूंना घ्यावी लागे. पाला सुकणारच हे ठाऊक असूनही माणसे दहा महिने खाण्यापिण्यावर, झोपेवर आणि इच्छांवर लगाम ठेवत होती, आणि पौलाने बोट ठेवले ते नेमके या ‘सर्व गोष्टींविषयीच्या इंद्रियदमना’वर. ‘मी आपले शरीर कुदलतो व त्याला दास करून ठेवतो’ हे वाक्य तुम्ही संध्याकाळच्या प्रार्थनेत वाचायचात, तेव्हा लहानपणी मला त्याची भीती वाटत असे. आता प्रशिक्षक म्हणून मुलींना धावायला शिकवताना ते वाक्य मला रोज डोळ्यांपुढे दिसते.

चारशे मीटरची शर्यत तीनशे मीटरपर्यंत कोणीही धावू शकते. शेवटच्या वळणातून बाहेर पडल्यावर मांड्या दगडासारख्या जड होतात, खांदे कानांपर्यंत चढतात, हनुवटी वर जाते आणि पाऊल आखूड पडू लागते. त्या क्षणी मुलीला मी काठावरून काय ओरडून सांगते याचा काडीचाही उपयोग नसतो, कारण तेव्हा विचार करायला डोके मोकळे नसते. पावसाळ्यात, चिखलात, कोणी पाहत नसताना तिने हात सैल ठेवून धावण्याचा जो सराव केलेला असतो, तेवढाच त्या शेवटच्या ऐंशी मीटरांत तिच्या मदतीला येतो. प्रार्थनेचेही असेच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. संकट आल्यावर गुडघे टेकायला कोणालाही सुचते, पण रोज गुडघे टेकणाऱ्याचे मन संकटात कुठे वळायचे ते शोधत बसत नाही. याने तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावता येते असे मी म्हणत नाही. तारण कृपेनेच आहे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेत. शर्यतीत आपले नाव प्रभूने आपल्या कृपेने घातले आहे, आणि सराव हा त्या कृपेला दिलेला होकार आहे.

रविवारच्या प्रश्नाकडे येताना धावपटू एरिक लिडेलचे नाव घेतल्यावाचून चालणार नाही. तुम्हाला त्याची गोष्ट माहीत आहे, पण ती बहुतेक वेळा सुवर्णपदकापाशी संपवली जाते, आणि माझ्या मते तिचा खरा भाग त्यानंतर सुरू होतो. स्कॉटिश मिशनरी आई-वडिलांच्या पोटी १९०२ मध्ये चीनमधील टिएन्त्सिन येथे त्याचा जन्म झाला. शिक्षणासाठी त्याला इंग्लंडमधील वसतिगृहात राहावे लागले, त्यामुळे त्याचे बहुतेक बालपण आई-वडिलांपासून दूर गेले. एडिंबरो विद्यापीठात असताना तो स्कॉटलंडकडून रग्बी खेळला आणि १९२३ मध्ये त्याने शंभर यार्ड अंतर ९.७ सेकंदांत धावून ब्रिटिश विक्रम केला, जो पुढे तेवीस वर्षे टिकला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचे पदक त्याचेच, असे लोक धरून चालले होते. पण त्या शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलैला, रविवारी होत्या, आणि प्रभुवारी धावायचे नाही हे त्याचे ठरलेले होते.

त्याच्यावरील गाजलेल्या चित्रपटात ही बातमी त्याला पॅरिसच्या वाटेवर बोटीत चढताना कळते, असे दाखवले आहे. प्रत्यक्षात त्याला ते कित्येक महिने आधी ठाऊक होते, आणि मला हे सत्य त्या नाट्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. त्याने आयत्या वेळी कोणाला अडचणीत आणले नाही. वेळापत्रक कळताच शांतपणे नकार कळवला, रिले शर्यतींतूनही माघार घेतली आणि टॉम मॅककर्चर या प्रशिक्षकाच्या हाताखाली दोनशे आणि चारशे मीटरची तयारी सुरू केली. वर्तमानपत्रांनी टीका केली, देशाभिमानाचा प्रश्न काढला गेला, पण त्याने कोणाशी वाद घातला नाही. तो रविवार त्याने पॅरिसमधील स्कॉटिश चर्चमध्ये घालवला. दोनशे मीटरमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले, आणि ११ जुलैला चारशे मीटरची अंतिम शर्यत आली.

त्या काळी धावपट्टी कोळशाच्या राखेची असे आणि खेळाडू पाय रोवायला खुरप्याने जमिनीत खड्डे करत. लिडेलने नेहमीप्रमाणे सर्व प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवले. त्याला सर्वांत बाहेरची मार्गिका मिळाली होती. बाबा, ही मार्गिका कोणालाही नकोशी असते, कारण सुरुवातीच्या रेषा पुढे-मागे असल्याने बाकीचे सगळे आपल्या मागे राहतात आणि कोण कुठे आहे ते दिसतच नाही. आपली गती आपल्यालाच ठरवावी लागते. त्याने पहिले दोनशे मीटर २२.२ सेकंदांत कापले, तेव्हा जाणकारांना हा आता कोसळणार असेच वाटले असेल. तो कोसळला नाही. डोके मागे टाकून, हात वेडेवाकडे हलवत, ४७.६ सेकंदांत तो पहिला आला. मालिश करणाऱ्या सहायकाने त्या दिवशी त्याच्या हाती एक चिठ्ठी दिली होती, तिच्यात पवित्र शास्त्रातील १ शमुवेलच्या दुसऱ्या अध्यायातील, देवाचा आदर करणाऱ्यांचा देव आदर करतो, हे वचन होते.

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गात, ही कथा सांगताना आपण मुलांच्या मनात नकळत असे भरवतो की रविवार पाळला म्हणून देवाने पदक दिले. लिडेल सहावा आला असता तरी त्याचे आज्ञापालन तेवढेच खरे ठरले असते. पवित्र शास्त्रातील शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तिघे अग्नीच्या भट्टीपुढे उभे राहून म्हणाले होते की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. रूबेनला मला ही दुसरी बाजू आधी शिकवायची आहे, कारण खेळात हरण्याचे दिवसच जास्त असतात.

पदकानंतर वर्षभरातच, १९२५ मध्ये, लिडेल मिशनरी म्हणून चीनला परतला आणि टिएन्त्सिनच्या कॉलेजात शिकवू लागला. युद्धाची चिन्हे दिसू लागल्यावर १९४१ मध्ये त्याने पत्नीला आणि मुलींना कॅनडाला पाठवले. तिसऱ्या मुलीचा जन्म तिथेच झाला आणि तिला तो कधीच पाहू शकला नाही. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला शांतुंग प्रांतातील वेइशिएनच्या छावणीत ठेवले, जिथे दीड हजारांहून अधिक लोक कोंडलेले होते आणि त्यांत आई-वडिलांपासून ताटातूट झालेली मिशनरी शाळेची पुष्कळ मुले होती. तिथे तो पाणी वाहायचा, मुलांना विज्ञान शिकवायचा, तुटलेल्या हॉकीच्या काठ्या दुरुस्त करायचा. पहाटे खिडकीचे पडदे ओढून, शेंगदाण्याच्या तेलाच्या दिव्यावर, तो खोलीतल्या एका सोबत्याबरोबर पवित्र शास्त्र वाचत असे. आई, कंदिलाच्या उजेडात पहाटे ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडून बसलेली तू मला हे वाचताना हटकून आठवतेस.

त्या छावणीत रविवारी खेळ भरवायला लिडेलचा नकार होता. परंतु कंटाळलेल्या मुलांनी एका रविवारी आपापली हॉकी लावली आणि पंच नसल्यामुळे तिचे पर्यवसान भांडणात झाले. पुढच्या रविवारी पंच म्हणून स्वतः लिडेल मैदानात उभा राहिला. सुवर्णपदकाची जवळजवळ खात्री असताना ज्याने प्रभुवार मोडला नाही, त्याने पोरक्यासारख्या झालेल्या मुलांसाठी आपला नियम बाजूला ठेवला. काहींना ही विसंगती वाटेल. मला मात्र दोन्ही ठिकाणी एकच माणूस दिसतो, ज्याने स्वतःची इच्छा इतकी काबूत आणली होती की पॅरिसमध्ये स्वतःसाठी ‘नाही’ म्हणणे आणि वेइशिएनमध्ये दुसऱ्यांसाठी ‘हो’ म्हणणे त्याला सारख्याच मोकळेपणाने जमले. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, मनुष्यासाठी झाला, हे प्रभूचे वचन त्याने तिथे शिटी हातात घेऊन पाळले. त्याच छावणीत त्याने एका मुलाला शत्रूंसाठी प्रार्थना करायला शिकवले आणि स्वतःचे झिजलेले धावण्याचे बूट त्याला दिले. तो मुलगा युद्धानंतर मिशनरी होऊन जपानलाच गेला.

आता रूबेनविषयी. आम्ही दोघांनी त्याला बसवून ही सगळी गोष्ट, छावणीतल्या हॉकीसकट, सांगितली आणि निर्णय त्याच्यावर सोपवला. त्याने दोन दिवस घेतले आणि उपासनेच्या वेळी धावणार नाही असे सांगितले. त्यानंतर तो स्वतः आपल्या प्रशिक्षकांकडे गेला आणि चाचणीला अजून अवकाश असतानाच त्यांना हे कळवून आला, म्हणजे त्यांना दुसऱ्या मुलाची तयारी करून घेता येईल. त्याची शर्यत दुपारच्या सत्रात ठेवता येईल का, हे ते विचारून पाहणार आहेत. जमले तर तो उपासनेनंतर धावेल, नाही जमले तर यंदाची निवड हुकेल. जे सोबती त्या दिवशी धावतील त्यांच्याविषयी घरात एक शब्दही वावगा बोलायचा नाही, एवढी अट मात्र मी घातली आहे. हा नियम त्याने स्वतःच्या गळ्यात घातला आहे, इतरांना मोजायची ती फूटपट्टी नव्हे.

बाबा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्ही व्यायामाला कंटाळलात आणि ‘मंडळीच्या काय उपयोगाचा राहिलो मी आता’ असे म्हणालात, हे आईने मला सांगितले. लिडेलच्या शेवटच्या महिन्यांत त्याला डोकेदुखीने आणि खिन्नतेने घेरले होते, आणि हे ओझे आपण प्रभूवर टाकायला हवे होते, आपण असे खचायला नको होते, अशी खंत त्याने बोलून दाखवली होती. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो वारला, आणि नंतर कळले की त्याच्या मेंदूत गाठ होती. ज्याला तो विश्वासाची उणीव समजत होता, तो शरीराचा आजार होता. तुम्हीही शरीराच्या थकव्याचा दोष आपल्या विश्वासाला लावू नका, एवढे माझे ऐका. १९९१ मध्ये वेइशिएन येथे उभारलेल्या त्याच्या स्मारकशिलेवर यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चाळिसाव्या अध्यायातील गरुडाचे आणि न दमता धावण्याचे शब्द कोरलेले आहेत. पण यशया धावण्यापाशी थांबत नाही. ‘ते चालतील तरी थकणार नाहीत’ हे वाक्य त्याने सर्वांत शेवटी ठेवले आहे, आणि वॉकर धरून अंगणात दहा पावले टाकणाऱ्या माणसालाही त्या वचनात तितकीच जागा आहे. तेव्हा सकाळचे दहा मिनिटांचे व्यायाम चुकवू नका. फिजिओथेरपिस्टने दाखवलेले पाय सरळ उचलण्याचे व्यायाम आधी आणि चालणे नंतर, हा क्रम आई लक्षात ठेवील.

रूबेनला तुमच्या हातचे चार ओळींचे पत्र हवे आहे. फोनवरचा आशीर्वाद त्याला पुरत नाही. निकाल काहीही लागो, चाचणीच्या आधीच ते त्याला मिळावे, म्हणून या आठवड्यातच टाका. नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे नगरला येत आहोत. आई, करंज्यांचे सारण मी इथूनच करून आणते, तू एकटीने पसारा काढू नकोस.

तुमची लेक