नुसत्या वाढ्यावर जनावरं ठेवू नका

ती. आई आणि अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर निम्मं बोलणं रेंजमध्येच जातं म्हणून लिहितेय, आई तू अण्णांना वाचून दाखव.

साखर कारखाने चालू झाले, म्हणजे आता मार्चपर्यंत आपल्या गव्हाणीत वाढंच, उसाचे हिरवे शेंडे. तोडीवाल्यांकडून स्वस्तात मिळतं, जनावरं आवडीनं खातात, सगळं कबूल. पण मागच्या माघात गौरी गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बसली ती उठेचना, मान पोटाकडं वळवलेली, कानाला हात लावला तर गारगार. आई तू मीठ-मोहऱ्या उतरवल्यास, अण्णा तुम्ही रात्रभर तिच्याजवळ पोतं टाकून बसलात. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम सोडलं तेव्हा कुठं उभी राहिली. तो गार कान मला अजून आठवतो.

ती नजर नव्हती हो. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते पोटात वैरणीतलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि ते शेणावाटे बाहेर जातं, तीन-चार महिने नुसतं वाढं खाल्लं की जनावर आतून रिकामं होतं आणि व्याल्यावर चीक-दूध सुरू झालं की बसतं. म्हणून वाढं बंद करा म्हणत नाही, कमी करा. निम्मी वैरण तरी कडबा कुट्टी असू दे, बांधाकडंचा लसूण घास थोडा थोडा घाला (कोवळा ओला एकदम नको, पोट फुगतं). वाढं कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची आणि रोज 50 ग्रॅम मिनरल मिक्श्चर आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या खुराकात. म्हैस गाभण आहे, तिला निवळी मात्र डॉक्टरांना विचारूनच, वाढं अगदीच कमी.

खुराकाचं पण अंदाजपंचे नको. गौरी 10 लिटर देते, अंगासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटरमागं 1 किलो धरला तर साडेपाच किलो, दोन्ही धारांना वाटून. बदल करायचा तर 8-10 दिवसांत हळूहळू.

आणि अण्णा, दिवाळीत बघितलं, सरकी पेंडीचं पोतं भिंतीला टेकून होतं, खालची पेंड ढेकळासारखी झालेली, हिरवट बुरशी. तुम्ही ती चोळून घातलीत. पैसे गेले तरी चालतील पण ती टाकून द्या, बुरशीचं विष दुधात उतरतं आणि तेच दूध आपला बाळू पितो. पोती फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब.

वैरणीचे भारे डोक्यावरनं आणू नका, गुडघा सांभाळा. मी रविवारी येतेय, मिनरल मिक्श्चरची पिशवी आणि काटा घेऊन येते, कुट्टी त्या दिवशी मी करीन.

तुमची,
ताई