तोळाभर मिस्क

दुबई, रविवार

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

पार्सल पोचलं असेल. खजूर आणि बाबांचे बदाम काढून झाले की तळाशी मोज्यात गुंडाळलेली एक लहानशी बाटली सापडेल. तिला मुद्दाम चिकटपट्टी लावलीय. आधी पत्र वाच, मग उघड.

दिवाळीला पाठवलेल्या अत्तराने तुझी अर्धशिशी उठली आणि बाबांनी बाटली माळ्यावर टाकली, हे मला वहिनीकडून कळलं. तू एका शब्दाने बोलली नाहीस. चूक माझीच. ते ऊदाचं तेल होतं, म्हणजे आपलं अगरू, आणि ते थेंबभरसुद्धा जास्त होतं. तू हळदीकुंकवाला प्रत्येकीच्या हातावर ओढलंस! आत्याच्या इरकलीवरचा डाग निघाला का गं?

हे वेगळं आहे. याला मिस्क ताहारा म्हणतात. मिस्क म्हणजे कस्तुरी, पण घाबरू नकोस, कुठल्या हरणाला मारून काढलेली नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने कस्तुरीमृगाच्या शिकारीला बंदी आहे, आणि बाजारात मिळते ती बहुतेक कस्तुरी आता कारखान्यातच बनते. ताहारा म्हणजे शुद्धता. इथल्या बायका अंघोळ झाली की अंगाला लावतात. दिसायला पांढरं, सायीसारखं दाट. वास कसा, ते सांगायला मला दोन दिवस लागले. दादाच्या बाळाला न्हाऊ घालून, धुरी देऊन, पावडर लावून तू मांडीवर घ्यायचीस, तेव्हा त्याच्या मानेपाशी यायचा ना, तसा. गोड, पण मिठाईसारखा नाही.

धुरीवरून आठवलं. इथे पण धुरी असते! ओव्याची नाही, बखूराची. अत्तरात मुरवलेले लाकडाचे तुकडे मबखऱ्यात, म्हणजे धूपदाणीत, निखाऱ्यावर टाकतात आणि तो धूर कपड्यांना, केसांना देतात. पहिल्यांदा एका अरबी घरी जेवायला गेले, तेव्हा जेवणानंतर मबखरा फिरत माझ्यासमोर आला. मी ऐटीत धूर घेतला आणि पुन्हा बैठक मारून बसले. शेजारच्या बाईने हसून कानात सांगितलं, 'मा बाद अल ऊद कुऊद', म्हणजे ऊद आला की बसायचं नसतं, निघायचं. आपल्याकडे अत्तर-गुलाब झालं की उठतात तसंच की. मला कळायला हवं होतं.

बाटली इथल्या देरा भागातल्या अत्तरबाजारातून आणली. एक दिरहॅम देऊन अब्रा पकडायची, म्हणजे होडी, खाडी ओलांडायची, की समोर बाजार. दुकानदार काचेची काडी मनगटाला लावून म्हणाला, घासू नका, पाच मिनिटं फिरून या. मी शेजारच्या गल्लीत मसाले बघत फिरले. परत आले तेव्हा सुरुवातीचा साबणासारखा वास ओसरून मागची गोडी वर आली होती. कितीला विचारलं तर म्हणाला, 'तोल्याचा भाव सांगू?' मला सोन्याच्या पेढीतच उभी असल्यासारखं वाटलं. इथे अत्तर अजून तोळ्यावर विकतात, आपलाच जुना, साडेअकरा ग्रॅमहून किंचित जास्तीचा तोळा. तेवढंच घेतलंय.

आता नीट ऐक. अंघोळीनंतर मनगटाच्या आतल्या बाजूला आणि कानामागे एकेक ठिपका. बस. साडीला लावू नकोस, तेल आहे, डाग पडेल. यात स्पिरिट नाही, त्यामुळे फवारलेल्या सेंटसारखं नाकात जात नाही. तरी पहिल्या दिवशी एकाच मनगटाला लावून संध्याकाळपर्यंत बघ. डोकं धरलं तर लगेच वहिनीला देऊन टाक, मला वाईट वाटणार नाही. (वाटेल, पण थोडंच.)

मी रोज लावते. ऑफिसात एसीच्या गारठ्यात कुणाला कळत नाही. मीच मनगट नाकाशी नेते तेव्हा येतो. तसलंच तुझ्यासाठी हवं होतं. बाजारभर ऊद आणि केशराचे गडद, महागडे वास मांडलेले असतात. अरबी अत्तर म्हणजे तेच, असं मलाही इतके दिवस वाटायचं.

दिवाळीची बाटली मात्र माळ्यावरून फेकू नका. मी मेमध्ये येते तेव्हा घेऊन जाईन. बाबांना सांग, महाग होती ती.

तुझी,
मनू